जागल

दुपारी 4.30

आबा साडीला गाठ मारताहेत. हिरवी, विरलेली, काठ उसवलेला. वाऱ्याने मधोमध फाटली होती. कुडाच्या काठीपाशी त्यांनी दोन्ही टोकं ओढून घेतली आणि गुडघ्याने काठी दाबून गाठ आवळली. असं साड्यांचं कुंपण पाच एकरांच्या कडेने फिरतं. वडवणीच्या बाजारातून जुनी साडी वीस रुपयाला मिळते. चांगल्या पोताची असली तर तीस. रानडुक्कर पुढून येतं, कापड फडफडतं, माणसाचा वास येतो, ते थबकतं. थबकलं की झाडातल्या माळ्यावर बसलेल्या माणसाला तेवढा वेळ मिळतो. साडीचं काम तेवढंच.

शिवार बालाघाटाच्या उतरणीचं. वर खडकाळ माळ, खाली ओढा. मध्ये पाच एकर मालदांडी ज्वारी उभी आहे, माणसापेक्षा उंच. त्यातली एक एकर आबांची. बाकीची चार भावकीतल्या दोघांची. आबा तिन्ही वावरांची जागल करतात. स्वतःच्या रानाची मजुरी कुठली? दुसऱ्या दोघांकडून मिळून रात्रीचे अडीचशे मिळतात आणि खळं झाल्यावर एक पोतं ज्वारी.

खरीप हातचं गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्या मराठवाड्यात पाऊस कोसळला. बीड जिल्ह्यातल्या नद्या-ओढे पात्राबाहेर आले, सोयाबीन पाण्यात सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. रानाला वाफसाच येईना. ही ज्वारी पेरायला ऑक्टोबर सरत आला. संक्रांत होऊन गेली तेव्हा कुठे ती हुरड्यात आलीय. दाणा दुधाळ आहे, गोड आहे. डुकराला नेमका हाच लागतो.

संध्याकाळी 6.10

दिवस मावळला. लिंबाला टेकवलेल्या शिडीवरून आबा वर चढतात. शिडी बाभळीच्या दोन दांड्यांची, आडवे दांडे तारेने बांधलेले. वय सत्तरीला आलंय, पण पाय चुकत नाही. वर दुबेळक्यात जुनी लोखंडी खाट तारेने आवळून बसवलीय. तिच्यावर तुराट्या, मग कडब्याच्या दोन पेंढ्या, मग पोती. मी मागोमाग चढलो तेव्हा खाट हलली.

“हलतीया, पन पडत न्हाई. बसा सर, बुंध्याला टेका.”

माळा उंच हवा. खाली बसलं तर समोरच्या दोन ओळींपलीकडे काही दिसत नाही. वरून ज्वारीचा सगळा माथा दिसतो. डुक्कर दिसत नाही, हललेली ज्वारी दिसते. शिवाय खाली विंचू-काटा आहे. आणि 2020 च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून उघड्या रानात खाली निजायला कुणाचं मन धजत नाही.

बरोबर घोंगडी, चार्जिंगची बॅटरी, पाण्याची बाटली, तंबाखूची चंची, भोंगा आणि गोफण. बॅटरी साडेचारशेची. भोंगा फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालतो.

संध्याकाळी 7.30

बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, संक्रांतीची उरलेली गूळपोळी. दुपारीच नातीने डबा आणून ठेवला होता. नात पाचवीत आहे, आजी-आजोबांकडे राहते. आई-बाप दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूरकडे उसाला गेले. निम्मं गाव तिकडेच आहे. मार्चपर्यंत कोयता तिकडे चालेल, आणि इथल्या ज्वारीला राखण लागते तीही याच महिन्यांत. म्हणून रानात रात्री जे जागे आहेत ते सगळे म्हातारे. पलीकडच्या शिवारातून हाळी आली, तीही म्हाताऱ्या गळ्यातली. आबांनी उलट हाळी दिली. दुसऱ्याची जागल सुरू झाली, हे दोघांनाही कळलं.

आठच्या आत मुलाचा फोन येतो.

“बाबा, ज्वारी काय म्हणतीय?”

“हाय चांगली. तू जेवला का?”

“गाडी भरायची हाय आजून.”

दीड मिनिटात बोलणं संपलं.

रात्री 9.00

पहिली फेरी. आबा खाली उतरतात, बांधाने चालतात. बोट ओलं करून वारा बघतात. वारा माळावरून ओढ्याकडे आहे. म्हणजे ओढ्यातून येणाऱ्याला आपला वास जाणार, माळावरून येणाऱ्याला नाही. डुकराची नजर यथातथाच, पण नाक पक्कं. त्यासाठी सलूनमधले कापलेले केस बांधावर पसरतात. हुंगताना नाकात गेले की डुक्कर शिंकत मागे फिरतं, असं सगळेच सांगतात. केस फुकट मिळतात, म्हणून सगळेच करतात. पाऊस किंवा दव पडलं की त्यांचा काही उपयोग नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

एका कोपऱ्यावर आबा थांबले. शेजारच्या वावराला सौर झटका मशीन आहे. टक्-टक् आवाज येतो. धक्का बसतो, जीव जात नाही. ते यंत्र, तार, खांब धरून हिशेब हजारांत जातो. ज्यांना तेवढे जमत नाहीत त्यांतला एखादा थेट खांबावरची लाइन कुंपणात सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी माणूस मरतो, कधी घरचाच.

“तसलं आपल्या शिवारात नको,” आबा म्हणाले. “रातीला लेकरू दारं धरायला जातंय.”

रात्री 10.30

भोंगा लावला. कुत्र्यांचं भुंकणं, मग माणसाचा ओरडा, मग फटाका. मोबाइलवर कुणीतरी भरून दिलंय. दहा मिनिटं वाजवून बंद केला. सतत वाजला तर डुकरं आठवड्यात सरावतात. मग भोंग्याखाली उभी राहून खातात. म्हणून कधी दहाला, कधी एकला, कधी नाहीच.

तो बंद झाला की लांबचं ऐकू येऊ लागतं. बीड-परळी रस्त्यावर राख वाहणारे हायवा ट्रक. तेलगावच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर, त्यावरची गाणी शेवटचं वळण घेईपर्यंत पुरतात.

रात्री 11.50

आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मला काही ऐकू आलं नव्हतं.

मग आलं. कट्. थांबून पुन्हा कट्, कट्. माळाच्या बाजूने. धाट छातीने रेटून मोडायचं, कणीस तोंडात धरायचं, निम्मं खायचं, निम्मं तुडवायचं. एक डुक्कर असं करतं तेव्हा आवाज सुटा येतो. कळप आला की सगळं वावर करकरतं. हा कळप होता.

आबांनी बॅटरी लावली नाही. आधी गोफण घेतली. अंबाडीच्या वाखाची, स्वतः वळलेली. मध्ये तळहाताएवढी विणलेली पट्टी, दोन्हीकडे हातभर लांब दोऱ्या. एका दोरीच्या टोकाला फास आहे, तो मधल्या बोटात अडकवायचा. दुसऱ्या दोरीला नुसती गाठ, ती अंगठ्याखाली दाबून धरायची. पट्टीत कुंडलिकेच्या पात्रातला गोटा, लिंबाएवढा. ते गुडघ्यांवर उठले, डाव्या हाताने फांदी धरली आणि गोफण डोक्यावरून एकदा, दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्या फेऱ्याला अंगठा सुटला. सुटलेल्या दोरीचं टोक हवेत कडाडलं. गोटा ज्वारीच्या पार पलीकडे, माळाच्या खडकावर आदळला.

मला वाटलं नेम चुकला. तो तिथेच मारायचा होता. कळपावरच गोटा पडला तर डुकरं फुटून वावराच्या आत घुसतात आणि पळताना शंभर धाटं लोळवतात. पलीकडे पडला तर ती दचकून आल्या वाटेकडे वळतात का? तेही नाही. ती थांबतात. कान देतात. तेवढ्यात आबांनी बॅटरीचा झोत ओढ्याकडच्या बाजूने आणला आणि पोटातून हाळी काढली. आता माळाकडे शांत, इकडे उजेड आणि माणूस. कळप माळाकडे फुटला. साडी फाटल्याचा आवाज झाला. दोन मोठी आणि मागे पिलांची रांग, झोतात क्षणभर पाठी दिसल्या.

दुसरा गोटा त्यांनी मारलाच नाही. घोंगडी ओढून घेतली. खांदा चोळला. उजवा खांदा थंडीत धरतो. वडवणीतल्या दुकानातली मलमाची ट्यूब ऐंशीची, पंधरा दिवसांत संपते.

रात्री 1.40

झोप घालवायला बोलणं. मी कायद्याचं विचारलं. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पिकाची नासाडी करणारं असेल तर मारायच्या परवानगीचा शासन निर्णय महाराष्ट्रात 2015 मध्ये निघाला. वनखात्याकडे अर्ज करायचा.

“अर्ज करू. पन बंदूक कुनाची? आन् मारनार कोन? म्या?” आबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “तिची पिल्लं बघितली का तुम्ही? तिला बी खायाला लागतंय. माळावर काय राह्यलंय?”

एकरी चार-पाच क्विंटल ज्वारी होईल, त्यांचा अंदाज. 2025-26 चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये. बियाणं, खत, पेरणीचं ट्रॅक्टर, काढणीची बाई, मळणी यंत्र, सगळं ते बोटांवर मोजून दाखवतात. त्यांच्या एकरासाठी या माळ्यावर काढलेल्या रात्री त्यात नव्हत्या. मी म्हटलं, ही मजुरीही धरा की. त्यांनी बोटं पुन्हा उघडली, क्षणभर हिशेब केला आणि सोडून दिला. मला मात्र तो सोडवत नाही. अडीच-तीन महिने रोजची जागल, दुसऱ्याच्या रानात असती तर जिचे रोख पैसे मिळाले असते, ती भाकरीच्या किमतीत कुठेच येत नाही.

पहाटे 3.35

सगळ्यात वाईट वेळ ही. गारठा हाडात शिरतो. मृगाचं तिकांडं मावळतीला टेकलंय. आबांची मान छातीवर आलेली. मीही पेंगत होतो.

ओढ्याकडून एकच आवाज आला, जड. कळप नाही. एकुलगा. कळपातून फुटलेला जुना नर. त्याला भोंगा ठाऊक असतो, बॅटरी ठाऊक असते. आबांनी झोत टाकला. पाठ दिसली, हलली नाही. गोटा मारला, तो बाजूला सरकला आणि पुन्हा कट्. दुसरा गोटा. तिसरा. मग आबांनी चंचीशेजारचा सुतळी बॉम्ब काढला, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, वात पेटवून डबा खाली सोडला. पंधरा रुपयांचा बार. रात्रीला एकच वापरायचा असं ठरलेलं. लिंब हादरला, वटवाघळं उडाली. एकुलगा गेला, पण पळत नाही, चालत.

“ह्यो परत येतोय,” आबा म्हणाले.

पाच वाजायच्या आत उगवतीला चंद्राची बारीक कोर वर आली. त्यानंतर काही आलं नाही.

सकाळी 6.50

तांबडं फुटल्यावर पाहणी. माळाच्या बाजूला वीस-बावीस धाटं आडवी, दोन साड्या फाटल्या. ओढ्याकडे मात्र बाजल्याएवढी जागा सपाट. कणसं चघळून टाकलेली, दुधाळ चोथा मातीत. खुरं खोल रुतलेली, ठसे मोठे. आबांनी त्यात चार बोटं घालून बघितली. मोडलेली धाटं त्यांनी उचलून एकीकडे रचली. म्हैस खाईल.

नुकसानभरपाईसाठी तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं असतं, मग पंचनामा. एवढ्याशा तुकड्यासाठी कुणी जात नाही. वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी 2026 च्या खरिपापासून पीकविम्यात धरणार, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलंय. ही ज्वारी रब्बीची.

सकाळी 7.30

आजी आल्या. आता पाखरांची पाळी. चिमण्या, साळुंक्या आणि राघूंचे थवे ऊन पडलं की उतरतात. आजींची गोफण लहान, गुंडे मातीचे, उन्हात वाळवलेले. दगड रानात पडला तर पुढे कुळवाला लागतो, माती विरघळून जाते. शिडी त्या चढत नाहीत. बांधावरच्या दगडांच्या ढिगावर उभ्या राहतात आणि “हाऽऽ हा” करतात. त्यांचे पैसे वेगळे नाहीत. अडीचशेत त्याही आल्या.

“किती गेलं?” त्यांनी विचारलं.

“ओढ्याला गेलं थोडं. एकुलगा हाय.”

“डोळा लागला आसंल.”

आबांनी नाही म्हटलं नाही.

सकाळी 8.45

भावकीतला एकजण मोटारसायकलवरून आला. दोघांचे मिळून आठवड्याचे 1,750 व्हायचे. त्याने पंधराशे मोजून दिले, उरलेले बाजाराच्या दिवशी. ओढ्याकडे जाऊन बघून आला, म्हणाला, “चालायचंच, आबा.” वावर त्याचंच होतं. आबांनी नोटा बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि त्याला सांगितलं, येताना चार साड्या आण आणि सुतळी बॉम्बचं एक पाकीट. पैसे कुणी द्यायचे यावर थोडं बोलणं झालं. निम्मे-निम्मे ठरले.

सकाळी 9.20

कुऱ्हाड घेऊन आबा ओढ्यात उतरले. एकुलग्याने जिथून वाट पाडली तिथे बाभळीच्या काट्या रोवायच्या आहेत, बुडखे वावराकडे, काटे ओढ्याकडे. आठ-दहा फांद्या तरी लागतील. पहिली फांदी तोडून त्यांनी पायाने ओढली, काटा चपलेतून आरपार गेला. चप्पल काढून काटा उपसला, चप्पल घातली आणि दुसरी फांदी धरली. हे झालं की दुपारपर्यंत झोप. खाट आज ओढ्याकडच्या फांदीवर हलवायची म्हणाले, त्यासाठी मला दोन वाजता यायला सांगितलंय. तार तेवढी दुसऱ्याने धरावी लागते.