थेरांचे डोंगर आणि चित्रकाराची दृष्टी

बौद्ध धम्म म्हणजे दुःखाचा पाढा आणि सौंदर्याकडे पाठ फिरविणारा मार्ग, असा आक्षेप फार जुना आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत निराशावादाच्या प्रश्नाची दखल घेतली आहे. हाच आक्षेप आता वेगळ्या रूपात आमच्यापुढे येतो. चित्रकला शिकणारे किंवा छायाचित्रणाचा छंद असणारे तरुण उपासक विचारतात : डोंगरदऱ्या पाहून मन हरखते, ते दृश्य टिपून ठेवावेसे वाटते, ही तृष्णाच नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर पालि साहित्यातच शोधले पाहिजे.

प्रश्नाला आधारही आहे. इंद्रियसंवराचे वर्णन करताना सुत्तांत वारंवार सांगितले आहे की, डोळ्याने रूप पाहिल्यावर भिक्खू त्याचे 'निमित्त' धरून ठेवीत नाही आणि 'अनुब्यंजन'ही धरून ठेवीत नाही. निमित्त म्हणजे वस्तूची ठळक खूण, अनुब्यंजन म्हणजे तिचे बारीकसारीक तपशील. चित्रकाराचे तर सारे काम या दोहोंवर चालते. परंतु याच वचनात पुढे कारणही दिलेले आहे : डोळा असंयत राहिला तर अभिज्झा आणि दोमनस्स, म्हणजे हाव आणि खिन्नता, मनात शिरतात. निषेध आहे तो या हावेचा; पाहण्याचा नव्हे. हे कारण सोडून केवळ नियम उद्धृत करणाऱ्यांनीच धम्माला रूक्ष ठरविले आहे, असे आम्हांस वाटते.

विनयातील एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. चुल्लवग्गात अशी हकिकत आहे की, छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढविली आणि लोकांनी त्यांना नावे ठेविली. भगवंतांनी तशी चित्रे वर्ज्य केली. मात्र मालाकम्म आणि लताकम्म, म्हणजे फुलांच्या माळांची व वेलींची नक्षी, यांना अनुज्ञा दिली. (अजिंठ्याच्या भिंतींनी हा नियम फारसा मनावर घेतलेला नाही, हे खरे, तेथील छतांवर मात्र कमळवेली मनसोक्त पसरल्या आहेत.) मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तर तथागत स्वतःच सांगतात की, उरुवेलेचा रमणीय भूभाग, प्रसन्न वनराई आणि वाहती स्वच्छ नदी पाहून ही जागा साधनेस योग्य आहे असे त्यांनी ठरविले. जागेची रमणीयता साधनेला पूरक मानली गेली आहे.

या बाबतीत सर्वांत मोठा साक्षीदार आहे महाकस्सप थेर. धुतांगधारी भिक्खूंमध्ये अग्रगण्य, चिंध्यांचे चीवर आणि वनातील वास स्वीकारलेला हा कठोर तपस्वी. पण थेरगाथेच्या चत्तालीसनिपातात त्याच्या नावे असलेल्या गाथा वाचाव्यात. एखाद्या निसर्गचित्रकाराने रंगपेटी उघडावी तसे ते वर्णन आहे. निळ्या मेघांच्या वर्णाचे कडे, स्वच्छ गार पाणी, शेवाळलेल्या रुंद शिळा, पावसाने न्हालेली पठारे, मोरांच्या केका, वानरे, हत्तींचे चीत्कार. जमिनीवर पसरलेले इंद्रगोप तर आपल्याकडील शेतकऱ्याला चांगलेच ओळखीचे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर दिसणारा तो लाल मखमली किडा. डोंगराच्या निळाईसाठी थेराने उपमा दिली आहे उम्मापुप्फाची, म्हणजे जवसाच्या फुलाची. विदर्भातील जवसाचे फुललेले शेत ज्याने पाहिले आहे त्याला ही छटा समजावून सांगावी लागत नाही. तपशील इतके नेमके आहेत, तरी हाव कोठेही नाही. या शिळा आपल्याला रमवितात, असे थेर पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि लगेच सांगतो की, पाच अंगांच्या वाद्यसंगीतातही ती रती नाही, जी एकाग्र चित्ताने धम्म पाहण्यात आहे. डोंगर त्याला त्या एकाग्रतेपर्यंत नेतात.

महाराष्ट्रातील अजिंठा याच परंपरेतील स्थळ होय. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरील कातळात लेणी खोदली गेली. वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात सोळावे लेणे दान दिले. त्याच्या शिलालेखात दानाच्या पुण्याबरोबरच, जलभाराने वाकलेले मेघ ज्यावर लोंबतात त्या पर्वताचेही वर्णन आहे. भिंतींवरील निळा रंग दूरच्या लाजवर्दी दगडाचा; परंतु गेरू, पिवळी माती आणि हिरवी माती या ज्वालामुखीजन्य परिसरातच मिळणाऱ्या. स्वतंत्र निसर्गचित्र तेथे नाही, पण सतराव्या लेण्यातील छद्दन्त जातकात हत्तींचे अरण्य आहे, कमळांचे तळे आहे.

पुढे याच दरीत कॅमेरा आला. मद्रास सेनेतील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे तेथे काम केले आणि नंतर छायाचित्रणही हाती घेतले. १८६४ मध्ये त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली; त्यांपैकी एकात वास्तूंबरोबर पश्चिम भारतातील निसर्गसृष्टीलाही स्थान आहे. त्याची बहुतेक रंगीत चित्रे डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाली.

तेव्हा तरुण उपासकांना आमचे सांगणे इतकेच. रेखाटनाला बसणारा मनुष्य एकाच झाडाकडे तासभर पाहतो. सावली सरकते, रंग बदलतो, आणि मघाचे झाड आताचे राहिलेले नाही हे त्याला हातातील कुंचल्यामुळे कळते. कॅमेऱ्याने क्षणार्धात दृश्य मिळते, म्हणून तेथे सावधपणा अधिक हवा. पावसाळ्यात अजिंठ्याला गेल्यावर प्रथम पलीकडच्या टेकडीवर चढून, कॅमेरा पिशवीतच ठेवून, निदान अर्धा तास त्या कड्यांवरून उतरणाऱ्या ढगांकडे पाहावे. छायाचित्र त्यानंतर घ्यावे.