पावसाळ्यातलं घर (लेखांक ६) : सरकत्या दाराखालचं पाणी

मागच्या आठवड्यात गच्चीचा ढाळ पाहिला. आता बाल्कनीकडे येऊ.

मुंबई-ठाण्यात पश्चिमेला तोंड असलेल्या घरांमध्ये जुलैत हॉलच्या सरकत्या काचेच्या दारापाशी जुन्या चादरी अंथरलेल्या दिसतात. ट्रॅक भरून पाणी लाद्यांवर येतं. मग फॅब्रिकेटर येतो, दिसेल ती फट सिलिकॉनने बुजवतो, आणि पुढच्या जोरदार सरीला पाणी आधीपेक्षा जास्त येतं.

याचं कारण दाराच्या रचनेतच आहे. दार सरकायचं तर फट ठेवावीच लागते. कडेची ब्रशपट्टी धूळ अडवते, वारा थोडा रोखते. पाणी ती अडवू शकत नाही. म्हणून ट्रॅकमध्ये पाणी शिरणार हे गृहीत धरूनच त्याच्या बाहेरच्या भिंतीला खाली भोकं ठेवलेली असतात. सिलिकॉनने नेमकी तीच बुजतात. बुजली नसली तरी माती आणि केसांनी तुंबलेली असतात. मे महिन्यात जुन्या टूथब्रशने आणि तारेने ती मोकळी करा. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाल्कनीत वाहून गेलं, तर निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं वाऱ्याचं. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून काचेवर आदळला की त्या दाबाने ट्रॅकमधलं पाणी सुमारे १७ मिलिमीटर उंच तोललं जातं. ताशी ८० ला ही उंची ३० मिलिमीटरवर जाते. तेवढं साचेपर्यंत भोकातून पाणी बाहेर पडतच नाही. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर ते घरातच येणार. पायाला ठेच लागू नये, दिसायला सपाट असावा म्हणून बुटका ट्रॅक निवडणं मला म्हणूनच पटत नाही. वरच्या मजल्यांवर तर अजिबात नाही.

सिलिकॉन लागतं, पण ठरावीक जागी: चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांतले सांधे, ट्रॅकच्या तळातले स्क्रू, आणि बाहेरून चौकट व ग्रॅनाइट यांच्यामधली रेघ. विनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नको, सिमेंटवर ते टिकत नाही, न्यूट्रल मागा. ट्रॅक कोरडा असतानाही लादीखालून ओल येत असेल, तर आधी याच जागा तपासा.

एक चूक मात्र कशानेच झाकता येत नाही. बाल्कनीतल्या जुन्या लाद्या न काढता त्यांवरच नव्या बसवतात. जमीन वर येते, ट्रॅकची भोकं नव्या लादीच्या मागे गाडली जातात, बाहेर जायला निघालेलं पाणी तिथेच अडतं. अशा वेळी दारालगतची लाद्यांची पट्टी उखडून, वॉटरप्रूफिंग तपासून, ढाळ जाळीकडे पुन्हा द्यावा लागतो. मिस्त्री नाही म्हणेल, खर्चही होईल. तरी ते पावसाआधीच करून घ्या.