जखम भरणे आणि कातडी येणे

रंगखात्यातील वाफेने भाजलेले हात आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. काही आठवड्यांनी कागदावर ‘जखम भरली’ असा शेरा येतो, आणि तो खोटा नसतो. पण मूठ उघडत नाही! भरपाईच्या कज्ज्यांत आम्हांला खरे भांडावे लागले ते या न उघडणाऱ्या मुठीसाठी.

कातडीचे थर दोन. वरचा पातळ; तो खरचटला तर पुन्हा येतो. खालचा जाड, चिवट धाग्यांचा. तो पुरता जळाला की प्रौढ माणसात आपणहून परत येत नाही. उघडी जखम म्हणजे जंतूंना मोकळे दार. म्हणून शरीर तिच्या कडा आत ओढून घेते आणि उरल्या जागेवर व्रणाचे ठिगळ लावते. जीव वाचतो; मात्र या ओढाताणीत बोटे आखडतात.

अमेरिकेत बॉस्टन येथे जॉन बर्क हे शल्यचिकित्सक भाजलेल्या रुग्णांवर उपचार करीत. १९७० च्या सुमारास त्यांना आयोआनिस यानास यांची जोड मिळाली. यानास मूळचे अथेन्सचे. डॉक्टर नव्हेत, तर धागे आणि पॉलिमर यांचे अभ्यासक. (सूतगिरणीत जन्म घालविलेल्यांना हे ऐकून बरे वाटेल.) गुरांपासून मिळणारे कोलॅजेनचे धागे आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक द्रव्य मिळून त्यांनी स्पंजासारखी जाळी तयार केली, वर सिलिकोनचा पापुद्रा. जखम लवकर मिटावी, हा मूळ हेतू. पण गिनीपिगांवर लावून पाहतात तो उलटेच घडले. जखमेचे आकसणे लांबले! दुसरा एखादा प्रयोग फसला म्हणून उठून गेला असता. यानासांनी त्या जागी काय उगवते ते पाहिले. तो व्रण नव्हता. खालच्या थरासारखी कातडी होती.

पेशी जाळीच्या छिद्रांत शिरतात, तिच्या धाग्यांना धरून राहतात, आणि कडा ओढण्याऐवजी नवा थर विणू लागतात. जाळी हळूहळू विरघळून जाते. दोनतीन आठवड्यांनी पापुद्रा काढून रुग्णाच्याच कातडीचा अगदी पातळ पदर वर बसवतात. १९८१ साली बर्क आणि यानास यांनी दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे निम्म्याहून अधिक अंग भाजलेले होते. १९९६ साली अमेरिकन सरकारने या जाळीला परवानगी दिली.

या नव्या कातडीत केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथीही नसतात. ज्याच्या अंगाचा मोठा भाग असा भरून आला, त्याला भट्टीपुढे किंवा चैत्राच्या उन्हात अंग थंड राखणे कठीण जाते.