वजनकाट्यावरचा संसार

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातल्या वजनकाट्यावर दिवसभर ट्रेलर चढतात आणि उतरतात. सळया, पत्रे, अँगल यांचं वजन होतं, पावती मिळते, मागची गाडी पुढे येते. थंडीतल्या एका सकाळी त्या रांगेत करंजाडेतल्या आमच्या शेजाऱ्यांची कॅम्परव्हॅन उभी होती. काका-काकू, मुलगा, सून असे चौघे आत. पाण्याची टाकी काठोकाठ, डब्यांत तांदूळ-डाळ, कप्प्यात अंथरूण-पांघरूण. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "माल काय लिहू?" काकू म्हणाल्या, "घरसामान लिहा."

कॅम्परव्हॅन कशी निवडावी असं कुणी विचारलं, की मी ही सकाळ सांगतो. गाडी बघायला गेलेला माणूस आधी गादी दाबून बघतो, मग दिवे लावतो, मग टीव्ही कुठे बसेल ते विचारतो. पहिला प्रश्न मात्र वजनाचा हवा. रिकाम्या गाडीचं वजन आणि भारासकट मंजूर वजन, हे दोन आकडे कागदांवर असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचा संसार. चार माणसं सरासरी 65 किलोंची धरली तरी 260 किलो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. कपडे, भांडी, किराणा, अंथरूण 80 किलो. बाहेर टाकायच्या खुर्च्या, टेबल, छत्री, एखादी सायकल 60 किलो. पाचशे किलो कुठे गेले ते कळतही नाही, आणि ते ब्रेकना, टायरना आणि घाटातल्या उतारावर तुम्हाला पेलायचे असतात.

कॅम्परव्हॅन म्हणजे काय, हे वाहननियमांत सांगितलेलं आहे. बसायची आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे, ही चार अंगं गाडीत पक्की बसवलेली हवीत. टेबल तेवढं काढता आलं तरी चालतं. अशा गाड्यांसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. नमुना गाडी त्या मानकाला उतरते की नाही, हे 1966 पासून पुण्यात काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्था तपासतात. कारखान्यात बांधलेल्या गाडीचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः या तपासणीसाठी. लाकूडकाम तर आपला गल्लीतला सुतारही सुबक करून देईल. पण आसनाचा बोल्ट कुठे धरायचा, जाड वायर कुठून न्यायची, टाकी कोणत्या चाकावर भार टाकते, याचा विचार अख्खी गाडी एकत्र धरूनच करावा लागतो.

या गाड्यांची कुळकथा आपल्या ओळखीची आहे. 'टेम्पो' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो हँबुर्गजवळच्या एका जर्मन कंपनीचं नाव होता हे लक्षातही येत नाही. नवलमल फिरोदियांनी त्या कंपनीच्या सहकार्याने 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी केली. पुढे आकुर्डीचा कारखाना आला, मॅटाडोर आली, आणि तेही नाव गावोगाव सामान्यनाम झालं. 1987 मध्ये ट्रॅव्हलर आली, मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवर बेतलेली. युरोपात त्या टी-1वर कितीतरी कॅम्पर बांधले गेले. तीच कंपनी आता फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. तिची 2022 साली आलेली अर्बेनिया ही मोनोकॉक बांधणीची व्हॅन, म्हणजे खाली वेगळी चासी नाही, सगळं अंगच भार पेलतं.

जर्मनीत वेस्टफालियाने 1951 मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये कपाट, बाक आणि बिछाना बसवला, तिथून कारखान्यातल्या कॅम्परची मोठी परंपरा सुरू झाली. अर्धशतक गाडी एकाची आणि घर दुसऱ्याचं असं चाललं. 2003 नंतर कॅलिफोर्निया नावाचा कॅम्पर फोक्सवॅगन स्वतःच्याच कारखान्यात बांधू लागली. आपल्याकडे अजून दोन कारखान्यांचा मेळ बसवावा लागतो. ट्रॅव्हलरसारखी व्हॅन एकीकडून येते, आणि आतलं घर पुण्याची पिनॅकल किंवा पंजाबातली जेसीबीएल यांच्यासारख्या बांधणीदारांकडून. 2022 मध्ये महिंद्रने आयआयटी मद्रासशी जोडलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरीशी करार केला, तो बोलेरो कॅम्पर गोल्डवर घर बांधण्यासाठी. म्हणून घेणाऱ्याने एक गोष्ट लेखी मागावी: बिघाड झाला तर व्हॅनची हमी कोण देणार आणि घराची कोण.

कागदांतही हाच नेमकेपणा हवा. नोंदणीत 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन' हा वाहनांचा स्वतंत्र वर्ग आहे. पनवेलच्या आरटीओत एमएच-46 क्रमांक घेताना तो वर्ग नीट पडला आहे ना, ते पाहावं. प्रवासी व्हॅन घेऊन नंतर मनाने घर बांधलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मूळ बांधणीत परवानगीवाचून बदल करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

वजनानंतर वीज. 12.8 व्होल्टची 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. छोटा फ्रिज दिवसाला अर्धा-पाऊण युनिट खातो. दीड किलोवॉटची इंडक्शन शेगडी वीस मिनिटं चालली की अर्धं युनिट गेलं. दिवे, पंखे, फोन यांचं फार नाही. पण छतावरचा एसी तासाला एक युनिट घेत असेल, तर कोकणातल्या मे महिन्यात रात्रीचे दोन तास निघाले तरी खूप. छतावर 400 वॉटची सौर पाटी असेल तर उन्हाळ्यात ती दिवसाकाठी दीड युनिटाच्या आसपास भरून काढते; आषाढात तिच्यावर भिस्त ठेवू नये. शेजाऱ्यांनी म्हणून एसीपेक्षा छतावरचा चांगला पंखा, जाळीच्या खिडक्या आणि जाड उष्णतारोधक अस्तर यांवर पैसे घातले.

करंजाडेत अशी गाडी बाळगायची तर पहिली अडचण उंचीची. उंच छपराची व्हॅन अडीच मीटरच्या वर जाते, आणि इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये ती शिरत नाही. गाडी घेण्याआधी सोसायटीकडून उघड्यावरची जागा लेखी घ्यावी, जवळ 16 अँपिअरचा प्लग मिळाला तर उत्तम. दुसरी अडचण पावसाची. पनवेलचा पाऊस चार महिने गाडीच्या रबरी पट्ट्या शोधत फिरतो. काकू दर आठवड्याला कपाटांची दारं उघडी टाकतात, गाद्या उभ्या करतात, कोपऱ्यात हात फिरवून ओल बघतात. हाताला बुळबुळीत लागलं की त्याच दिवशी पुसून पंखा लावायचा. गणपतीपर्यंत थांबलं तर प्लाय फुगलेला असतो.

तिसरं काम कुणी कौतुकाने सांगत नाही, पण तेच गाडीची अब्रू राखतं: संडासाची टाकी रिकामी करणं. ती सुटी काढता येणारी असावी, आणि रिकामी करायची ती शौचालयातच. ओढ्यात, शेताच्या बांधावर कधीच नाही. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. पाणी, वीज आणि मैला टाकायची जागा एकत्र देणारे असे तळ किनाऱ्यावर उभे राहायलाच हवेत. तोवर आदल्या दिवशी फोन करून मुक्कामाची जागा ठरवणं हाच राजमार्ग.

त्या सकाळची काट्याची पावती काकांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागच्या चाकांवर भार जास्त होता, कारण पाण्याची टाकी मागे आहे. घरी आल्यावर तांदळाचा डबा आणि अवजारांची पेटी त्यांनी पुढच्या आसनाखाली हलवली. आता कोकणात निघताना टाकी अर्धीच भरतात, उरलेली मुक्कामाला पोचल्यावर. पळस्पे फाट्याला उजवीकडे गोव्याचा रस्ता धरला, की काकू एकदा मागे वळून कपाटांच्या कड्या बघतात, आणि कर्नाळ्याची खिंड येईपर्यंत भांड्याचा एकही आवाज आला नाही, की मग गप्पांना सुरुवात होते.