घड्याळ आणि शेवटची इनिंग

सॉफ्टबॉलच्या मूळ खेळात घड्याळ नाही. दोन्ही संघांनी सात-सात वेळा बॅटिंग करायची, दर वेळी तिघे बाद होईपर्यंत. शेवटचा खेळाडू उभा आहे तोवर हरणाऱ्याला आशा. पण एकाच मैदानावर दिवसभरात सहा-सात सामने उरकायचे, तर आयोजकांनी काय करावं? ते वेळ बांधून देतात. समजा, 75 मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही.

खरी मेख 'नवी' या शब्दात आहे. नवी इनिंग पहिल्या चेंडूला सुरू होत नाही. आधीच्या इनिंगमधला शेवटचा खेळाडू बाद होतो, त्या क्षणी होते. आता पाहा. चौथ्या इनिंगचा उत्तरार्ध, बॅटिंग करणारा संघ एका धावेने पुढे, आणि 73 मिनिटं झालेली. तिसरा खेळाडू आत्ता बाद झाला तर पाचवी इनिंग खेळावी लागणार; दोन मिनिटं निघाली तर सामना खिशात. मग बुटांच्या नाड्या सुटू लागतात, हेल्मेट डोक्यावर बसेनासं होतं. कबड्डीत आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत कशा चढाया करतो, ते आपण पाहिलेलं आहेच.

उलटा प्रकार तर त्याहून विचित्र. तोच संघ पाच धावांनी मागे असेल, तर त्याला ही इनिंग झटपट संपून पुढची हवी असते. पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी धावकाने बेस सोडला तर तो बाद. तेव्हा धावक मुद्दामच आधी निघतो! रडीचा डाव म्हणतात तो हाच. अंपायर समज देऊ शकतो, पण नाडी सुटली की सोडली, हे त्याने कसं ठरवायचं?

काही स्पर्धांत वेळ संपताच खेळ जागीच थांबवतात आणि अपुऱ्या इनिंगमधल्या धावा पुसून टाकतात. धाव काढून आलेल्या शाळकरी मुलीला हे समजावणं मला तरी जमत नाही.

बीजिंग ऑलिंपिकमध्ये 20 ऑगस्ट 2008 रोजी जपानची पिचर युकिको उएनो सकाळी अमेरिकेविरुद्ध 9 इनिंग खेळून हरली, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध 12 इनिंग खेळून जिंकली. दिवसभरात तिने 318 चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी जपानने सुवर्णपदक मिळवलं. तिथे घड्याळाची अट नव्हती.

आंतरराष्ट्रीय नियमांत एकतर्फी सामना आटोपण्याची सोय आहे: तिसऱ्या इनिंगनंतर 15, चौथीनंतर 10 किंवा पाचवीनंतर 7 धावांची आघाडी असली की खेळ संपला. बरोबरी झाली तर आठव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावक उभा करतात. एवढ्यानेही वेळ पुरत नसेल, तर सामनाच पाच इनिंगचा ठेवावा आणि ते आधीच जाहीर करावं, असं मी आयोजकांना सुचवीन.