न सांगितलेलें पाप

देवदर्शन झाल्यावर लगेच पाठ फिरवूं नये, सभामंडपांत क्षणभर टेकावें, ही रीत महाराष्ट्रांतील वडील माणसें मुलांना शिकवीत आलीं आहेत. तिचें कारण सहसा कोणी सांगत नाहीं. साताऱ्याच्या पश्चिमेस, जावळी तालुक्याचें ठाणें जें मेढा, त्या बाजूला वेण्णेच्या खोऱ्यांत पावसाळ्यांतील एखाद्या दुपारीं देवळांत जावें, म्हणजे या टेकण्याचा अर्थ ध्यानांत येऊं लागतो. बाहेर भातखाचरांवर सर कोसळत असते, पुजारी घरीं गेलेला असतो, आणि खांबाला पाठ लावून कोणी एकटाच बसलेला असतो. तो जप करीत नाहीं, कांहीं मागतही नाहीं. गांवांत इतर कोठें असा बसला, तर दहा जण चौकशी करतील. देवळांत मात्र मुकाट्यानें बसण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

अशा बसणाऱ्यांत ज्याच्या मनांत एखादें न सांगितलेलें पाप सलत आहे, असाही कोणी असतो. शेजाऱ्याचा बांध रात्रींतून हातभर सरकविलेला. भोळ्या भावाचा अंगठा कागदावर उमटवून घेतलेला. शेवटच्या दुखण्यांत आईनें बोलाविलें असतां कामाची सबब सांगितलेली. यांतलें कांहीं कोर्टापर्यंत गेलेलें नसतें, कांहीं जाण्यासारखेंच नसतें. अशा माणसाची आपल्या धर्मशास्त्रकारांनीं काय सोय केली आहे?

प्रायश्चित्त या शब्दाची एक जुनी फोड अशी आहे, कीं ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. त्यांत पापाचे दोन भाग केले आहेत: लोकांना कळलेलें आणि न कळलेलें. कळलेल्या पापाबद्दल विद्वानांच्या परिषदेपुढें जावें, आणि ती सांगेल तें व्रत करावें. न कळलेल्या पापासाठीं निराळा मार्ग आहे. त्याचें नांव रहस्यप्रायश्चित्त.

पहिल्या प्रकारचें उदाहरण वेण्णेच्याच कांठीं सांपडतें. महाबळेश्वरीं कृष्णेबरोबर उगम पावलेली ही नदी मेढ्यावरून वाहत जाऊन साताऱ्याजवळ माहुलीस पुन्हा कृष्णेला मिळते. माहुली हें रामशास्त्री प्रभुणे यांचें जन्मगांव. 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. ग्रँट डफ हा पुढें साताऱ्यास रेसिडेंट होता. 1826 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत तो लिहितो, कीं रामशास्त्र्यांनीं रघुनाथरावांस त्यांच्या तोंडावर सांगितलें, या पापाला देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं. आणि तुम्ही कारभार कराल तोंवर पुण्यांत पाऊल टाकणार नाहीं, असें बजावून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ नाटक (1909) आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट (1944) यांनीं हा प्रसंग घरोघर पोंचविला. परंतु त्यांतली शास्त्रीय बाजू प्रेक्षकाच्या नजरेंतून बहुधा निसटते. रघुनाथरावांचें पाप सर्व पुण्याला ठाऊक होतें. तेव्हां नदीकांठीं एकांतांत बसून, जपजाप्य करून सुटण्याची वाट त्यांना शास्त्रानेंच बंद केलेली होती. 1783 सालीं गोदावरीकांठीं कोपरगांवीं त्यांचा अंत झाला, तो तें प्रायश्चित्त न घेतांच.

आतां दुसरा प्रकार. ब्रह्महत्या उघड झाली असतां बारा वर्षें वनांत झोपडी बांधून राहावें, कवटीचें चिन्ह बाळगावें, आपलें पाप सांगत भिक्षा मागावी, असें स्मृति सांगतात. तीच हत्या गुप्त राहिली असेल, तर याज्ञवल्क्य तीन रात्रींचा उपास, पाण्यांत उभें राहून अघमर्षण सूक्ताचा जप आणि एका दुभत्या गाईचें दान, एवढ्यावर सोडतो! हा फरक वाचून कोणीही दचकेल. लबाडाला ही पळवाट झाली नसेल, असें म्हणवत नाहीं. पण उघड प्रायश्चित्तांत निम्मा भाग समाजाचें समाधान करण्याचा असतो. गुप्त पापांत समाधान करावयाचें तें फक्त स्वतःचें, आणि तें काम दिवस मोजून संपणारें नव्हे.

अघमर्षण म्हणजे पाप पुसणारें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील हें अवघ्या तीन ऋचांचें सूक्त. मौज अशी, कीं त्यांत पापाचा शब्दही नाहीं. तपापासून ऋत आणि सत्य कशीं उपजलीं, मग रात्र, समुद्र, संवत्सर, सूर्य-चंद्र कसे झाले, एवढेंच त्यांत आहे. पाण्यांत उभा राहिलेला अपराधी स्वतःविषयीं चकार शब्द बोलत नाहीं.

ख्रिस्ती धर्माचा मार्ग याहून अगदीं वेगळा. वर्षांतून एकदां तरी धर्मगुरूपाशीं पाप बोलून दाखविलेंच पाहिजे, असा नियम 1215 सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनें केला. तेथें एक कान ठरलेला आहे. आपल्या देवळांत तसा कान नाहीं.

तथापि मौनानें सर्व कांहीं भागतें, असेंही शास्त्र म्हणत नाहीं. दुसऱ्याच्या घरांतून किरकोळ वस्तु चोरणाऱ्याला मनु सांतपन कृच्छ्र सांगतो, पण आधीं ती वस्तु परत करावयास लावून. सरकविलेला बांध जागच्या जागीं आणल्याखेरीज खांबाला टेकून बसलेल्याचा उपास सुरूच होत नाहीं. आईच्या बाबतींत परत करावयाचें तें कोणाला, हा प्रश्न उरतोच. मनूनें ख्यापन, म्हणजे सांगून टाकणें, यालाही शुद्धीच्या साधनांत जागा दिली आहे, आणि त्याच्या शेजारीं अनुताप ठेविला आहे.

एक अडचण उरते. ज्याला शास्त्र येत नाहीं, त्यानें गुप्त पापाचें प्रायश्चित्त विचारावें कोणाला? विचारलें, कीं गुपित फुटलें. याज्ञवल्क्यावर मिताक्षरा टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें यावर तोड सांगितली आहे. अशा माणसानें जाणत्याकडे जाऊन दुसऱ्याच्या निमित्तानें विचारावें: कोणी एकानें एकांतांत अमुक केलें असेल, तर त्याला रहस्यप्रायश्चित्त काय? जाणत्यानें उत्तर द्यावें, आणि विचारणाऱ्यानें घरीं जाऊन तें कोणाला न कळतां आचरावें. तो ‘कोणी एक’ कोण, हें समोरच्या शास्त्रीबुवांना बहुधा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळत असावें.