खेळ दोघांचा, वही एकाची

कॉम्प्युटरवरचे खेळ घरबसल्या बनवणाऱ्या हौशी कारागिरांसाठी ‘गोदो’ नावाचे अवजार आहे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की व एरियल मन्सूर यांनी ते २०१४ साली सर्वांना खुले केले. परवान्याचे पैसे नाहीत, विक्रीत वाटाही नाही.

अडचण येते ती दोघे वेगवेगळ्या घरांतून खेळू लागले की. दोन दुकाने, दोन वह्या आणि शिल्लक निराळी! मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीने हे काम पुष्कळ हलके केले. नवा खेळाडू आला की ‘मल्टिप्लेअर स्पॉनर’ त्याला सर्वांच्या पडद्यावर उभा करतो; तो कुठे सरकला ते ‘सिंक्रोनायझर’ कळवतो. पूर्वी यातले बरेचसे कारागिराला स्वतः लिहावे लागे.

पण खरी वही कोणाची, हे त्यानेच ठरवायचे. ती खेळणाऱ्याच्या हाती देणे म्हणजे गिऱ्हाइकालाच गज देऊन कापड मोजायला सांगणे! खेळ विकायचा असेल तर वही सर्व्हरवरच हवी. त्याचे भाडे दरमहा लागते, ते किमतीत आधीच धरावे. चार मित्रांपुरता खेळ असेल तर एकाच्याच मशीनवर भागते. मात्र तो उठला की सर्वांचा खेळ बंद.